व्हर्ना पार्डीचे पाच महिने

व्हर्ना पार्डी माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये पूर्वी कुंपण होतं. एका हिवाळ्यात ते बर्फाच्या भाराने आडवं झालं आणि पुन्हा उभं करावं असं कुणाला वाटलं नाही. मी ब्लँच. गनर्स कोव्ह ह्या आमच्या समुद्रकाठच्या गावातलं किराणा दुकान बंद होईपर्यंत मीच चालवत होते, त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतं हे मला माहीत असायचं. कोणाच्या घरात काय घडतं हे मात्र व्हर्नाला माहीत असायचं, कारण गावचं पत्रक ती काढायची.

पत्रक म्हणजे दर गुरुवारी ईमेलने जाणारी दोन पानं. कोण वारलं, पश्चिमेकडच्या अल्बर्टाहून कोण सुट्टीवर आलंय, शनिवारी हॉलमधल्या गावजेवणाला खारवलेलं बीफ आहे की मासे, मूस ह्या घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीचा परवाना यंदा सोडतीत कुणाकुणाला लागला. मासळीचा कारखाना चालू होता तेव्हा व्हर्ना तिथल्या ऑफिसात टायपिंग करायची. मासेमारीवर बंदी आली, कारखान्याला कुलूप लागलं, निम्मं गाव पोटामागे पश्चिमेला गेलं. गेलेल्यांना गावाची खबर हवी असते म्हणून तिने हे सुरू केलं. आधी टपालाने, मग ईमेलने. सत्तावीस वर्षं. तिची आई एफी गेली त्या आठवड्यातही पत्रक निघालं. पहिली बातमी आईचीच होती, पण इतर कुणाची असते तेवढीच, चार ओळींची. "जास्त लिहिलं असतं तर बाकीच्यांनी हिशेब मागितला असता," असं ती म्हणाली.

अशी बाई. नीटनेटकी, तोंडाने तिखट, आणि चूक झाली तर आधी स्वतःला धरणारी. ते शेवटचंच तिला नडलं.

पुढचं बरंचसं मला नंतर कळलं, पण घडलं तसं सांगते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रामसमितीचा ईमेल आला. त्यातल्या लिंकवर क्लिक केलं की समितीचं पान उघडायचं आणि तिथे व्हर्ना सूचना टाकायची. हे ती डोळे मिटून करायची. त्या दिवशी पान उघडलं, पण त्याने तिला ओळखलंच नाही. नाव काय, पासवर्ड काय, विचारत बसलं. इतकी वर्षं ते तिला न विचारता आत घेत होतं. तिने आठवेल तो पासवर्ड घातला. चूक. दुसरा घातला. चूक. शेवटी नवा बनवला, काम केलं आणि विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने स्क्रीनच्या खालच्या ओळीतलं नेहमीचं चिन्ह दाबून तेच पान उघडलं. तिथे जुना पासवर्ड आपसूक भरला गेला, आणि पान म्हणालं, चूक. कालचा नवा पासवर्ड तिने कुठे लिहून ठेवला नव्हता. पुन्हा नवा बनवला. चार दिवसांनी पुन्हा ईमेलमधली लिंक, पुन्हा तोच तमाशा. तिने वही केली. वहीत पासवर्ड लिहायचे, खोडायचे, खाली नवा लिहायचा. फेब्रुवारीपर्यंत तीन पानं खोडाखोडीने भरली होती.

आणखीही होतं. तिने जपून ठेवलेल्या पानांची एक ओळ वर दिसायची: रस्त्यांची खबर, फेरीबोटीच्या वेळा, हवामान. ती ओळ कधी असायची, कधी नसायची. सकाळी असायची, दुपारी गायब. तिला वाटायचं आपणच काहीतरी पुसून टाकलं. आणि मग संध्याकाळी ती परत जागेवर, जणू काही झालंच नव्हतं.

मग पत्रकाची पाळी आली. दोन रकाने, मधोमध बंदराचं छोटं चित्र, असा तिचा साचा वर्षानुवर्षं ठरलेला. तिने फाइल उघडली तर रकाने एकमेकांत मिसळलेले, टुल्कांच्या घरच्या बारशात पेनींच्या घरचं दफन घुसलेलं, आणि चित्र शेवटी एकटंच पडलेलं. ती घाबरली. आपलं बोट कुठेतरी भलतीकडे पडलं असणार. तिने सगळं नव्याने टाइप केलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. असं तिने आठ आठवडे केलं. दर बुधवारी ती सकाळी बसायची ती दुपारच्या चहालाही उठायची नाही, आणि ह्याबद्दल कुणाजवळ एक अक्षर बोलली नाही.

का बोलली नाही, तर एफीमुळे. एफीची सुरुवात अशीच झाली होती, ओळखीच्या गोष्टी अनोळखी होण्यापासून. आधी चहाचा डबा सापडेना, मग टपालपेटी कुठे ते आठवेना, मग व्हर्ना कोण ते. सहा वर्षं व्हर्नाने ते बघितलं. एफीचं सुरू झालं तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. व्हर्ना आता सदुसष्टची होती.

फेब्रुवारीत तिने आमच्या सोमवारच्या पत्त्यांना येणं बंद केलं. म्हणाली, डोळे दुखतात. मला वाटलं माझ्यावर रागावली, कारण आदल्या वेळी मी तिची हुकमाची पंजी काढून नेली होती. मी पण फुगून बसले. आता आठवलं की लाज वाटते.

मार्चमध्ये एका रविवारी चर्चनंतर तिने मार्जरी स्टकलेसला बाजूला घेतलं आणि पत्रक तिच्या हवाली केलं.

"का गं, काय झालं?" मार्जरीने विचारलं.

"काही नाही. थकले."

"तू? तू थकलीस?"

"माणूस नाही का मी?" व्हर्ना म्हणाली आणि कोट चढवून निघून गेली. मार्जरी आनंदाने उडायचीच बाकी होती. दहा वर्षांपासून तिला ते पत्रक हवं होतं.

एप्रिलमध्ये कॅलगरीहून मुलीचा, ग्लेंडाचा, फोन आला. ग्लेंडाची मुलगी ऑड्री दर उन्हाळ्यात सहा आठवडे आजीकडे राहायची. तिकीट कधीचं काढू, असं ग्लेंडा विचारत होती. व्हर्ना म्हणाली, "यंदा नको गं. तुझ्या वडिलांची पाठ धरलीय." तिचा नवरा लिअँडर त्या वेळी अंगणात सरपण फोडत होता. फोन ठेवून ती खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिली. पाण्याकाठी आठ वर्षांचं पोर आपल्या जिवावर सोडलेलं, आणि आपण एक दिवस ते विसरलो तर? हे ती बोलली नाही. हेच तिच्या डोक्यात होतं.

मे महिन्याच्या शेवटी मी तिच्याकडे वाटीभर यीस्ट मागायला गेले. रुसवा किती दिवस धरायचा, शेवटी पाव तर करायचाच होता. ती मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. "घे तूच, कपाटात आहे," ती ओरडली. मी कपाट उघडलं आणि थबकले. आतल्या बाजूला चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. 'शेगडी बंद?' 'गोळी सकाळची, निळी.' 'ग्लेंडाचा वाढदिवस ९ जून.' पोटच्या मुलीचा वाढदिवस, आणि त्याची चिठ्ठी लावलेली.

ती टोपली घेऊन आत आली, माझ्याकडे बघितलं, उघड्या दाराकडे बघितलं.

"यीस्ट वरच्या फळीवर आहे," ती म्हणाली.

"यीस्ट गेलं खड्ड्यात. हे काय आहे, बये?"

"तुला वाचता येतं ना?"

"येतं. म्हणून विचारते."

ती खुर्चीवर बसली. टोपली मांडीवरच. मग सगळं एका दमात बाहेर आलं: वही, पासवर्ड, रकाने, ऑड्री. डोळ्यांत पाणी नव्हतं. एखाद्या दुसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं ती सांगत होती. शेवटी म्हणाली, "आईसारखं होतंय मला, ब्लँच. लिअँडरला सांगू नकोस."

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "म्हणजे पत्त्यांना येत नव्हतीस ती माझ्यावर रागावून नाही?"

"तुझ्यावर रागवायला मला वेळ कुठे होता?"

मी तिला दवाखान्यात नेलं. पाऊण तासाचा रस्ता, त्यात धुकं, त्यात एक मूस मधोमध उभा. लिअँडरला सांगितलं की सुईदोरा आणायला चाललोय. तो आमच्याकडे बघत राहिला.

दवाखान्यात टमारा पेनी नावाची नर्स आहे. डॉक्टर मिळाला नाही तरी ती असते आणि बहुतेकांना तीच पुरते. तिने व्हर्नाची परीक्षा घेतली. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. हे पाच शब्द लक्षात ठेवा. शंभरातून सात वजा करत जा. मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात वजा करत होते आणि दुसऱ्याच पायरीला घसरले. व्हर्ना घसरली नाही. पाचही शब्द तिने परत सांगितले, वर क्रमाने सांगितले. तिसातून अठ्ठावीस गुण. एक चूक तारखेची होती, तीही दोन दिवसांनी.

"पत्रक सोडल्यापासून गुरुवार कधी येतो ते कळत नाही मला," ती म्हणाली.

"व्हर्नामावशी, मला सांगा, तुम्ही विसरता काय?" टमाराने विचारलं.

"सगळं."

"सगळं नको. एकेक सांगा. स्वयंपाकात?"

"स्वयंपाकात नाही."

"गाडी चालवताना? दुकानात? माणसांची नावं?"

"नाही... नावं नाही."

"विणकाम? टाके चुकतात?"

"माझे? टाके?" व्हर्नाला राग आला.

"मग कुठे चुकतं?"

व्हर्नाने हातातल्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "कॉम्प्युटरवर," ती शेवटी म्हणाली.

"फक्त तिथेच?"

"फक्त तिथेच."

टमाराने पेन खाली ठेवलं. "मावशी, पुढल्या वर्षी पुन्हा या, आपण परत तपासू. तुमच्या आईचा इतिहास आहे, तेव्हा मी ते हसण्यावारी नेणार नाही. पण एक ऐका. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर मध्यंतरी फोटो उघडायला गेलं की चित्र रंगवायचं काहीतरी उघडायचं. मला काही झालं नव्हतं, त्याला झालं होतं. आधी घरी जाऊन त्याचीच परीक्षा घ्या. त्यालाच काढू दे घड्याळ."

परतताना घराजवळच्या चढावर आल्यावर व्हर्ना म्हणाली, "तुझ्याकडे पेन्सिल आहे?"

स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही दोघी बसलो. मला त्यातलं काही कळत नाही, मी लिहून घेण्याचं काम केलं. ती एकच गोष्ट दोन वाटांनी करायची आणि काय झालं ते मोठ्याने सांगायची. खालच्या ओळीतलं चिन्ह दाबलं: पान उघडलं, जपलेल्या पानांची ओळ आहे. ईमेलमधली लिंक दाबली: पान उघडलं, ओळ नाही. पुन्हा चिन्ह: ओळ आहे. पुन्हा लिंक: नाही. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. मग तिने चष्मा पुसला आणि खिडकीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात बघितलं.

"ब्लँच, ह्याचं चिन्ह हिरवं आहे."

"बरं."

"आणि ह्याचं जांभळं."

दोन वेगवेगळे ब्राउझर होते. इंटरनेटची पानं दाखवणारे दोन प्रोग्राम, सख्ख्या बहिणींसारखे दिसणारे, पण एकीचं सामान दुसरीला ठाऊक नाही. व्हर्नाचे पासवर्ड, तिची जपलेली पानं, सगळं हिरव्यात होतं. कुठल्याही लिंकवर क्लिक केलं की मशीन ते जांभळ्यात उघडत होतं, आणि जांभळ्याच्या लेखी व्हर्ना पार्डी नावाची बाई जन्मालाच आली नव्हती. एकात पासवर्ड बदलला की दुसऱ्यातला जुना पडायचा. पत्रकाचंही तसंच. फाइलवर क्लिक केलं की ती ज्यात लिहिली होती त्या प्रोग्राममध्ये न उघडता भलत्याच एकात उघडायची, आणि त्या भलत्याला रकाने म्हणजे काय ते माहीत नव्हतं. व्हर्नाने तीच फाइल तिच्या जुन्या प्रोग्रामच्या आतून उघडली. दोन रकाने, मधोमध बंदर. पाच महिने ते सगळं तिथेच होतं.

लिअँडर केव्हा दारात येऊन उभा राहिला होता कोण जाणे. टोपी हातात धरून तो म्हणाला, "जांभळं म्हणजे... ते नाताळातलं का?"

"कुठलं नाताळातलं?" व्हर्नाने मान न वळवता विचारलं.

"मी हॉकीची मॅच बघत होतो. मध्येच एक चौकट आली. तुमच्यासाठी हे हे चांगलं, इथून पुढे सगळं त्यातच उघडू का, असं काहीतरी. खाली मोठं बटण होतं, हो म्हणायचं. नको म्हणायचं कुठे होतं ते दिसेना. गोल व्हायची वेळ होती. मी दाबलं."

"तू दाबलंस."

"ती चौकट जावी म्हणून दाबलं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? चौकट गेली!" त्याने टोपी हातात फिरवली. "व्हर्ना, मला वाटलं तू..."

"मी काय?"

"तेच. एफीचं." तो टोपीकडे बघत बोलत होता. "ते वहीत खोडणं. बुधवारी तसं बसणं. मी फेब्रुवारीपासून तुझ्या मागून शेगडी बघतोय. तू बंद केलेलीच असायची. तरी बघायचो. तुला सांगायचा धीर झाला नाही."

म्हणजे एकाच घरात दोघं एकमेकांपासून एकच भीती लपवत होते, एकाच टेबलावर जेवत होते. व्हर्ना उठली. मला वाटलं आता त्याचं काही खरं नाही. पण ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवलं. मी माझी यीस्टची वाटी घेतली आणि मागल्या दाराने बाहेर पडले.

सेटिंग तिने स्वतः बदलली. त्याला दोन दिवस लागले, कारण तिथे एक भलीमोठी यादी होती: प्रत्येक जातीच्या फाइलीपुढे ती कशात उघडायची ते. काही नावं तर तीन-तीन अक्षरांची, शिवी दिल्यासारखी. एकेक ओळ वेगळी बदलायची. लिंका पुन्हा हिरव्याकडे वळवल्या तेव्हा मशीनने विचारलं, सोडण्याआधी एकदा जांभळं वापरून बघता का? "पाच महिने वापरून बघितलं, मेल्या," असं ती त्याला म्हणाली म्हणे. लिअँडरने मला सांगितलं.

इथे गोष्ट गोड संपायला हवी होती, पण तशी संपली नाही. तिने ग्लेंडाला फोन करून सगळं खरं सांगितलं. ग्लेंडा आधी रडली आणि मग भांडली. "तुझी तब्येत बिघडली असं तुला वाटलं आणि तू मला बाबांच्या पाठीची थाप मारलीस? मी कोण आहे तुझी?" तोवर ऑड्रीचं नाव कॅलगरीतच उन्हाळी शिबिरात घातलं होतं, मैत्रिणी ठरल्या होत्या. ती आली नाही. आठ वर्षांच्या पोरीचा तो उन्हाळा परत कुठून आणायचा? पुढल्या वर्षी ती आली, पण तीनच आठवडे, कारण आता तिला शिबिर आवडायला लागलं होतं.

पत्रकही परत आलं नाही. मार्जरी रंगीत फोटो टाकते, लोकांना ते आवडतात. व्हर्नाने मागितलंही नाही. फक्त पहिल्या काही गुरुवारी ती ते छापून घ्यायची आणि लाल पेनने चुका काढायची, आणि मग शेगडीत टाकायची.

त्याच वर्षी जून संपताना कॅपलिन नावाचे बोटभर मासे अंडी घालायला किनाऱ्यावर आले, सगळं गाव जाळ्या आणि बादल्या घेऊन खाली उतरलं. आम्ही दोघी दगडावर बसलो होतो, पाय ओले. व्हर्ना एकदम म्हणाली, "आईचा चहाचा डबा मी हलवला होता."

"कधी?"

"अगदी सुरुवातीला. मी तिचं स्वयंपाकघर आवरायला गेले होते. डबा खालून वरच्या फळीवर ठेवला, नीट दिसावा म्हणून. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, कुणीतरी माझा डबा हलवला. मी म्हटलं, आई, तो नेहमी तिथेच असतो." लाटेबरोबर मासे येऊन वाळूवर चमकत होते. "मला तेव्हा खरंच आठवत नव्हतं, ब्लँच. ह्या मे महिन्यात आठवलं."

"तिला तो आजार होताच, व्हर्ना. डबा हलवल्याने होत नाही तो."

"माहीत आहे मला. पण त्या दिवशी तरी तिचं बरोबर होतं. आणि तिला ते कुणी सांगितलं नाही."

आता गावात कुणाचा कॉम्प्युटर वेड्यासारखा वागला की व्हर्नाला फोन जातो. ती शहाणपण मिरवत नाही, बहुतेक वेळा तिला उत्तर माहीतही नसतं. गेल्या आठवड्यात मी तिच्यासोबत अँब्रोज टुल्ककडे गेले होते. अँब्रोजकाका एक्क्याऐंशीचे. त्यांच्या बोटीचे जुने फोटो उघडायला गेले की काहीतरी विकायला निघालेलं पान उघडायचं. आम्ही गेलो तेव्हा ते मशीनला अशा शिव्या देत होते की पाद्री असता तर पळाला असता.

"मीच काहीतरी केलं असणार," काका म्हणाले. "माझी बोटं जाड. डोकंही चालत नाही आता. काय केलं तेच आठवत नाही."

व्हर्नाने खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली, त्यांच्या समोर नाही.

"तुम्ही काय केलंत ते मी विचारलंच नाहीये, काका," ती म्हणाली. "आधी तुम्ही नेहमी करता तसं करा. मी फक्त बघते."

काकांनी एक बोट उचललं, आणि स्क्रीनवरच्या फोटोखाली लिहिलेल्या बोटीच्या नावावर हळूच टेकवलं.